दोन नावांची एकच बाई : परदेशासाठी कागद प्रमाणित करण्याचं एक प्रकरण

सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी नागपूरच्या धंतोलीत मुलाच्या ऑफिसात एका टेबलावर बसते आणि परदेशी जाणाऱ्यांना कागदपत्रांत मदत करते. हे प्रकरण त्या कुटुंबाला विचारूनच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यातल्या बाईंचं माहेरचं नाव आणि सासरचं नाव हाच सगळा गुंता होता, म्हणून माहेरच्या पूर्ण नावाला मी 'म-नाव' म्हणते आणि सासरच्या पूर्ण नावाला 'स-नाव'.

पार्श्वभूमी

कुटुंब मानेवाड्याकडचं. नवरा मिहानमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. जून 2024 मध्ये तो नेदरलँडला नोकरीवर गेला. बायको आणि सहा वर्षांची मुलगी मागाहून जाणार होत्या. दिवाळी तिकडेच करायची, असं घरात ठरूनही गेलं होतं.

लग्न 2015 चं. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवं नाव लिहितात, तसं तिचंही लिहिलं गेलं. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, तिन्ही बदललं. विवाह नोंदणी मनपाच्या झोन ऑफिसात लगेच झाली होती, हे चांगलं. त्या प्रमाणपत्रावर वधू म्हणून म-नाव होतं, आणि ते बरोबरच होतं, कारण मांडवात उभी राहिली तेव्हा ती म-नावाचीच होती.

पुढचे सगळे कागद मात्र स-नावाचे. आधार, पॅन, बँक, 2017 चा पासपोर्ट. मुलगी 2018 मध्ये झाली तेव्हा दवाखान्यानं आईचं नाव आधारवरून लिहून पाठवलं, म्हणून मुलीच्या जन्मदाखल्यावरही स-नाव. डिग्री आणि दहावी-बारावीच्या गुणपत्रिका परत म-नावाच्या.

इथे नागपुरात याची कुणाला अडचण होत नाही. रेशन दुकानापासून बँकेपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं की लग्नानंतर मुलीचं नाव बदलतं. परदेशातल्या अधिकाऱ्यासमोर फक्त कागद असतात. लग्न एका बाईचं झालं आणि मूल दुसऱ्याच बाईचं आहे, एवढंच त्या कागदांवरून त्याला दिसतं.

अडचण कशी उभी राहिली

नवऱ्याच्या कंपनीनं यादी पाठवली. कुटुंबाच्या परवान्यासाठी विवाह प्रमाणपत्र आणि मुलीचा जन्मदाखला, आणि तिकडे पोचल्यावर नगरपालिकेत नाव नोंदवण्यासाठी नवरा-बायको दोघांचेही जन्मदाखले. सगळ्यांवर अपोस्टिल, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा प्रमाणीकरणाचा स्टिकर, हवं. शेवटी एक ओळ होती, की प्रमाणीकरण मूळ कागदावर असावं. ती ओळ कुणी नीट वाचली नाही.

जुलैत ते एका एजंटाकडे गेले. एजंटानं विवाह प्रमाणपत्र हातात घेतलं आणि लगेच म्हणाला, "हे तर लॅमिनेट आहे." सासऱ्यांनी ते जपून राहावं म्हणून सीताबर्डीत नेऊन जाड प्लास्टिकमध्ये बंद करून आणलं होतं. त्यावर शिक्का बसत नाही, सही उमटत नाही, स्टिकर चिकटत नाही. आपल्याकडे घराघरांत डिग्र्या आणि दाखले असेच बंद करून ठेवलेले असतात. ज्यानं ते केलं त्यानं मायेनंच केलेलं असतं, म्हणून मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

एजंटानं तोड काढली ती अशी : झेरॉक्स काढायची, नोटरीकडून खरी प्रत म्हणून सही घ्यायची, ती दिल्लीला पाठवायची, तिथल्या उपविभागीय दंडाधिकाऱ्याची सही आणि वर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. मुलीच्या दाखल्याचंही त्यानं तसंच केलं, खरं तर तो लॅमिनेट नव्हता. दोन कागदांचे अठरा हजार घेतले. दहा दिवसांत स्टिकर लागून कागद आले, घरात पेढे वाटले गेले. ऑगस्टच्या मध्यावर नेदरलँडहून उत्तर आलं : हे मूळ कागद नाहीत, प्रतींवरचं प्रमाणीकरण आम्ही धरत नाही. शिवाय विवाह प्रमाणपत्रावरची वधू आणि अर्जदार बाई एकच आहेत हे दाखवा.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात ती प्लास्टिकची फाइल घेऊन माझ्याकडे आली. मुलगी सोबत होती. टेबलाखाली बसून ती मातीच्या बैलाच्या शिंगांना रंग देत होती. आई मात्र बोलता बोलता दोनदा थांबली. "काकू, अठरा हजार गेले त्याचं नाही," ती म्हणाली, "पण मी मीच आहे हे कसं सिद्ध करू?"

स्टिकर नक्की काय सांगतो

मी तिला पहिल्यांदा स्टिकर वाचायला लावला. ते प्रत्येकानं वाचावं असं मला वाटतं. अपोस्टिल हे 5 ऑक्टोबर 1961 च्या हेग करारातलं एका ठरावीक नमुन्याचं प्रमाणपत्र. भारतात हा करार 14 जुलै 2005 पासून लागू आहे. वर फ्रेंचमध्ये शीर्षक असतं आणि खाली दहा क्रमांकांच्या ओळी. दुसऱ्या ओळीत कागदावर सही कुणाची, तिसरीत त्यानं ती कोणत्या पदावरून केली, चौथीत शिक्का कुणाचा. पुढे ठिकाण, तारीख, देणारा अधिकारी, क्रमांक. बस. कागदातला मजकूर खरा आहे असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं.

नोटरीच्या रस्त्यानं गेलं की साखळी नोटरीच्या सहीपासून सुरू होते. नोटरी फक्त एवढंच सांगतो की ही झेरॉक्स मूळ कागदाशी जुळते. लग्नाची नोंद करणाऱ्या निबंधकाची सही खरी आहे, हे त्या साखळीत कुणीच म्हणत नाही. काही ठिकाणी असा कागद चालून जातो, म्हणून एजंट तोच रस्ता दाखवतात, कारण तो लवकर उरकतो. इथे नेदरलँडनं मूळ कागद मागितला होता, आणि ते त्यांच्या यादीत पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं.

सरळ रस्ता लांबचा आहे. ज्या राज्यानं दाखला दिला त्याच राज्याच्या गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाच्या नेमलेल्या अधिकाऱ्याची सही मूळ दाखल्यावर घ्यायची, आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडे जायचं. डिग्रीसारख्या शैक्षणिक कागदांची साखळी वेगळी, ती शिक्षण खात्यामार्गे जाते. 2012 पासून मंत्रालय लोकांकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या एजन्सींमार्फतच घेतं. 2019 पासून दिल्लीशिवाय इतर काही शहरांतही सोय झाली, त्यात महाराष्ट्रातलं म्हणजे मुंबई. मंत्रालयाची अपोस्टिलची फी कागदामागे 50 रुपये आहे. त्यावर एजन्सीचा आकार थोडासाच असतो. अठरा हजारांतला बाकीचा पैसा कशाचा होता ते मला त्या बाईंना सांगावं लागलं, आणि ते सांगताना मला फार जड गेलं.

पर्याय

आता प्रश्न दोन होते. मूळ कागदांवर अपोस्टिल आणायचं, ही नुसती धावपळ होती. खरा विचार करायला लावला तो नावाच्या सांध्यानं. शिवाय फाइल उलगडताना आणखी दोन गोष्टी सापडल्या.

पहिली आडनावाच्या स्पेलिंगची. आपल्या विदर्भात 'वार'ने संपणारी आडनावं भरपूर. हे कुटुंबही त्यातलंच. नवऱ्याच्या पासपोर्टवर 'वार' डब्ल्यूनं सुरू होतो आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर व्हीनं. मराठीत एकच अक्षर, इंग्रजीत बाप-लेकीची आडनावं निराळी.

दुसरी गोष्ट म्हणजे तिचा स्वतःचा जन्मदाखला नव्हताच. 1990 चा जन्म, तिरोडा तालुक्यातल्या गावातला. आजवर सगळीकडे शाळेच्या टीसीवर भागलं होतं.

नावासाठी घरच्यांनी आणि मी मिळून चार वाटा पाहिल्या.

सगळ्यात सोपं म्हणजे प्रतिज्ञापत्र : "म-नाव आणि स-नाव ही एकाच व्यक्तीची नावं आहेत." एक तासाचं काम. पण तो तिचा स्वतःचाच शब्द झाला. जी शंका घेऊन समोरचा बसला आहे तीच तिनं स्वतः नाकारली, एवढाच त्याचा अर्थ. तरी मी मसुदा तयार केला, आणि ती माझी चूक होती. त्याबद्दल पुढे सांगते.

विवाह प्रमाणपत्रात स-नाव घालून घ्यावं, असं नवऱ्याच्या मित्रानं सुचवलं. झोन ऑफिसात विचारलं तर तिथल्या मॅडमनी स्पष्ट नाही म्हटलं. नोंद लग्नाच्या दिवसाची आहे, त्या दिवशी वधूचं नाव म-नावच होतं, त्यात चूक नाही तर दुरुस्ती कशाची करायची? मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटलं.

पासपोर्ट म-नावावर करायचा, ही तिसरी वाट. ती तिला स्वतःला आवडली होती. तिला तिचं जुनं नाव परत हवं होतं का, हा प्रश्न मी तिला विचारला, कारण कायद्यानं लग्नानंतर नाव बदलायचं कुणावरही बंधन नाही. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "हवं होतं, पण आता मुलीच्या शाळेपासून सगळीकडे तेच झालं आहे." शिवाय पासपोर्ट बदलला असता तर मुलीच्या दाखल्यावरची आई वेगळी पडली असती. सांधा एकीकडे जुळवून दुसरीकडे उसवला असता.

चौथी वाट मला सुचायला तीन आठवडे लागले. प्रतिज्ञापत्राचा मसुदा वाचताना एकदम लक्षात आलं आणि मी तिला फोन केला : "बेटा, पासपोर्ट स-नावावर निघाला तो कोणत्या कागदावर?" पहिलं नावसुद्धा बदललेलं असताना नुसत्या विवाह प्रमाणपत्रावर तो निघणं कठीण. नवऱ्यानं तिकडे जुने ईमेल चाळले आणि सापडलं. 2016 मध्ये त्यानं नाव बदलाची जाहिरात महाराष्ट्र शासन राजपत्रात दिली होती. जुनं नाव म, नवं नाव स, आणि तेही इंग्रजीत. सगळे विसरून गेले होते.

राजपत्रात दोन्ही नावं एकाच ओळीत असतात आणि तो शासनानं छापलेला कागद असतो. आपल्याला हवा होता तो दुवा हाच.

काय केलं

पुढे एक पैसाही खर्च करण्याआधी मी नवऱ्याला तिथल्या नगरपालिकेकडून लेखी उत्तर घ्यायला सांगितलं. या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हा होता असं मला आजही वाटतं. उत्तर चार दिवसांत आलं : मूळ जन्मदाखला अपोस्टिलसह, आणि जन्मदाखल्यावरचं नाव पासपोर्टशी जुळत नसेल तर नाव बदलल्याचा सरकारी कागद, तोही अपोस्टिलसह. इंग्रजी कागदाला भाषांतर नको. आपले दाखले मराठी-इंग्रजी दोन्हींत असल्यानं तो खर्च वाचला.

विवाह प्रमाणपत्राची नवी प्रमाणित प्रत झोनमधून आठवडाभरात मिळाली. तिच्यावर निबंधकाची स्वतःची सही असते, म्हणून ती झेरॉक्ससारखी नाही, मूळ कागदच धरली जाते. नवऱ्याचा जन्म नागपुरातलाच, त्याचा दाखला स्वच्छ होता, फक्त नवी प्रत काढली.

मुलीच्या स्पेलिंगसाठी आईवडिलांचे पासपोर्ट, दवाखान्याची नोंद आणि प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज दिला. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 च्या कलम 15 नुसार निबंधक चूक दुरुस्त करू शकतो, पण मूळ नोंदीला हात न लावता. समासात दुरुस्ती लिहून त्याखाली सही आणि तारीख घालायची, अशी ती पद्धत. काम साधं, पण 15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि झोनमधली निम्मी माणसं निवडणुकीच्या कामाला गेली. 23 नोव्हेंबरला निकाल लागेपर्यंत आमची फाइल तशीच पडून होती. दिवाळीचा बेत मोडला तो इथे. कुणावर रागवावं असं काही नव्हतं.

तिचा जन्मदाखला मात्र मी स्वतः जाऊन आणला, म्हणून तो जास्त लक्षात आहे.

सप्टेंबरच्या शेवटी आम्ही दोघी रेल्वेनं तिरोड्याला गेलो. स्टेशनवर तिचे बाबा घ्यायला आले होते, निवृत्त शिक्षक. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान निसवलं होतं. ग्रामसेवकानं लोखंडी कपाटातून 1990 चं बाड काढलं. पाठीची शिवण सुटलेली, सुतळीनं बांधलेलं, कडा पिवळ्या पडून मऊ झालेल्या. तो बोटानं ओळी मोजत खाली आला आणि थांबला. तारीख होती. वडिलांचं नाव, आईचं नाव, गाव होतं. लिंगाच्या रकान्यात 'स्त्री'. नावाच्या रकान्यात निळ्या शाईची एक आडवी रेघ.

बाबा वाकून ती रेघ पाहत राहिले. "पोलीस पाटलानं दुसऱ्याच दिवशी वर्दी दिली होती," ते म्हणाले. "बाराव्या दिवशी बारसं केलं. नाव ठेवलं. पण इथं येऊन सांगायचं राहून गेलं." ज्यांनी शाळेत शेकडो मुलांची नावं हजेरीत लिहिली त्यांच्याच मुलीचं नाव चौतीस वर्षं कोरं होतं. ती त्यांना म्हणाली, "होऊ द्या बाबा, आता लिहू."

तारीख टीसीशी जुळली, तेव्हा मी मोकळा श्वास घेतला. खेड्यातल्या टीसीवर जूनमधली जन्मतारीख दिसली की मी धास्तावते. पूर्वी शाळेत घालताना मास्तर वयाचा अंदाज घेऊन जूनमधली एखादी तारीख टाकून द्यायचे. रजिस्टरमधली तारीख वेगळी निघाली की सगळी गाडी तिथेच रुतते. हिच्या बाबतीत ती वेळ आली नाही.

मग निर्णयाचा एक क्षण आला. कोऱ्या रकान्यात नाव कोणतं घालायचं? सासूबाईंनी आदल्या रात्री फोनवर सांगितलं होतं, "आता लिहायचंच आहे तर स-नावच घालून घ्या, सगळं एका दमात जुळेल." बोलणं मायेचंच होतं, आणि वरवर पाहिलं तर सोयीचंही. पण जन्माची नोंद जन्माच्या वेळची असते. 1990 मध्ये त्या घरात स-नावाची मुलगी जन्मली नव्हती. स-नाव घातलं असतं तर ती नोंद खोटी झाली असती, विवाह प्रमाणपत्र, डिग्री आणि राजपत्र तिन्ही कागद तिच्याविरुद्ध उभे राहिले असते, आणि नाव बदललं कधी याचं उत्तर उरलं नसतं. पुरावा टीसीचा होता आणि टीसीवर म-नाव होतं. म-नावच घातलं. जुन्या नोंदींत नाव घालायला शासनानं मुदत वाढवून दिली होती, म्हणून हे जमू शकलं.

दाखला संगणकावर टाइप होताना मी बाजूला बसले आणि वडिलांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर अक्षर ताडून घेतलं. एक 'ए' जास्त पडत होता, तो तिथल्या तिथे काढला. ही दहा मिनिटं नंतरचे दोन महिने वाचवतात.

छापून आल्यावर आणखी एक फरक दिसला. पासपोर्टवर जन्मठिकाणाचा जिल्हा भंडारा, नव्या दाखल्यावर गोंदिया. दोन्ही खरं आहे. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून 1 मे 1999 ला वेगळा झाला, आणि तिरोडा तालुका तिकडे गेला. आपल्याला ते पाठ असतं, परदेशात कुणाला असणार? नवऱ्यानं अर्जाच्या पत्रात दोन ओळी घालून ते सांगून टाकलं. गडचिरोली 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपुरातून वेगळा झाला, त्यामुळे तिकडच्या लोकांनाही हेच करावं लागतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाच मूळ कागद एकत्र झाले : विवाह प्रमाणपत्र, तिघांचे तीन जन्मदाखले आणि राजपत्राची प्रत. ते नेमलेल्या एजन्सीमार्फत मुंबईला गेले. हिवाळी अधिवेशनासाठी राज्याचं मंत्रालय नागपुरात येणार होतं, तेव्हा इथेच सही घेता येईल का, असं सासऱ्यांनी फार आशेनं विचारलं. तसं होत नाही, कागद मुंबईलाच जावे लागतात.

याच दिवसांत त्यांच्या शेजारच्या एका मुलाला दुबईची नोकरी लागली होती. "आमच्यासारखंच अपोस्टिल करून घे," असं तिनं त्याला सांगितलं. मला घाईनं फोन करून ते थांबवावं लागलं. संयुक्त अरब अमिरात, कुवेत, कतार हे देश या करारात नाहीत. तिथे राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं साधं अटेस्टेशन, मग त्या देशाचा दूतावास, आणि तिकडे पोचल्यावर त्यांचं परराष्ट्र खातं, अशी पायरी पायरीनं सही लागते. सौदी अरेबियात करार 7 डिसेंबर 2022 पासून लागू झाला, कॅनडात 11 जानेवारी 2024 पासून. त्यामुळे दोन-चार वर्षांपूर्वी गेलेल्या नातेवाइकाचा सल्लासुद्धा आज चुकीचा ठरू शकतो. जर्मनी करारात आहे, पण भारताच्या सहभागाला तिनं हरकत घेतलेली असल्यानं आपलं अपोस्टिल तिथे लागू होत नाही. देश कोणता आणि तिथे कागद कुणाच्या टेबलावर जाणार, हे दोन प्रश्न आता मी कुणी खुर्चीत बसायच्या आधी विचारते.

निकाल

जानेवारी 2025 च्या मध्यावर पाचही कागद अपोस्टिल होऊन आले. स्टिकरवरचे क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आम्ही एकेक करून तपासले. परवान्याचा अर्ज या वेळी प्रश्न न येता मंजूर झाला. मार्चमध्ये मायलेकी गेल्या. तिथल्या नगरपालिकेत जन्मदाखल्याला फार वजन असतं. त्यांनी आधी म-नाव पाहिलं, मग राजपत्र पाहिलं, आणि स-नावानं नोंद करून घेतली.

कागद हाती यायला साडेसहा महिने गेले. त्यातला सव्वा महिना निवडणुकीचा, जवळजवळ दोन महिने पहिल्या चुकीच्या रस्त्याचे. या काळात बाप-लेकीची भेट रोज संध्याकाळी फोनच्या पडद्यावर व्हायची. मुलीची पहिलीची शाळा इथे अर्धी झाली आणि तिकडे परत पहिल्यापासून सुरू झाली. कागदांचा हिशेब लिहिताना हा खर्च कुठल्या रकान्यात बसत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्याकडून सुरुवात करते. पासपोर्ट कोणत्या कागदावर निघाला, हा प्रश्न मी पहिल्या भेटीतच विचारायला हवा होता. त्याऐवजी प्रतिज्ञापत्राच्या मसुद्यात तीन आठवडे घालवले, कारण प्रतिज्ञापत्र हे आमच्या हाताला सवयीचं काम. स-नावावर निघालेला प्रत्येक कागद हा कधी ना कधी झालेल्या नाव बदलाचा माग असतो. आता मी कागद तारखांच्या क्रमानं टेबलावर लावते आणि नाव पहिल्यांदा कुठे बदललं ते शोधते.

मुलीच्या दुरुस्तीचा अर्ज तिरोड्याच्या फेरीच्या आधी द्यायला हवा होता. मी तो नंतर दिला, कारण तो मला छोटा वाटला. आधी दिला असता तर आचारसंहितेपूर्वी निघाला असता अशी दाट शक्यता होती, आणि निवडणूक येणार हे मला माहीत होतं.

कुटुंबानं कंपनीची यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली असती तर एजंटाकडे जाण्याची वेळच आली नसती. मात्र याचा दोष मी त्यांना देत नाही. 'अपोस्टिल' हा शब्दच पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं मूळ आणि प्रतीतला फरक कसा ओळखावा? पैसे घेणाऱ्यानं तो सांगायला हवा होता.

लॅमिनेशनबद्दल मी आता ओळखीच्या प्रत्येक घरात बोलते. दाखला जपायचाच असेल तर साध्या पारदर्शक फोल्डरमध्ये ठेवावा, म्हणजे तो बाहेर काढता येतो. आधीच लॅमिनेट झालेला असेल तर घरी इस्त्री फिरवून प्लास्टिक सोडवायला जाऊ नये. त्यात शाई उखडते. ज्या कार्यालयानं दिला तिथून नवी प्रमाणित प्रत घ्यावी.

आणि ज्या मुलीला लग्नानंतर नाव बदलायचं आहे तिनं त्याच वर्षी राजपत्रात द्यावं आणि त्याची प्रत विवाह प्रमाणपत्राच्या फाइलीतच ठेवावी. जिला बदलायचं नाही तिच्यावर घरच्यांनी जोर करू नये.

तिरोड्याहून त्या दिवशी निघताना बाबांनी ग्रामसेवकाला 1993 चं बाड काढायला सांगितलं. धाकट्या मुलीची नोंद दुसऱ्याच पानावर होती, आणि नावाच्या रकान्यात तशीच रेघ. तिचं लग्न डिसेंबरात ठरलं होतं. बाबांनी खिशातून तिची टीसी काढली, ती त्यांनी घरूनच आणली होती, आणि तिथल्या बाकावर बसून दुसरा अर्ज लिहायला घेतला.